प्रश्न क्रमांक अकरा

सर्जेकोटला उतरले तेव्हा पिशवीत
साठ प्रश्नावल्या, दोन टेपा, एक वजनकाटा
आणि अनुदान देणाऱ्यांचं पत्र :
तीन वर्षांत गाव किती हललं, ते कळवा.

जेटीजवळच्या चौथऱ्यावर
त्यांनी बसवलेली निळी-पिवळी यंत्रं.
छाती ताणायच्या दांड्यावर मिठातले बांगडे वाळत होते,
सायकलीच्या सीटवर दोन पोरी उलट्या बसून
जाळ्याची गाठ सोडवत होत्या.
फोटो काढला. रकाना : साधनांचा वापर.
लिहिलं : अंशतः.

प्रश्न अकरा. गेल्या सात दिवसांत
किती मिनिटं व्यायाम केलात?
सुहासिनी कोयंडे पाटी उतरवते.
"व्यायाम? नाय गो बाय, वेळ खय गावता."
बर्फाचं पाणी तिच्या मानेवरून ब्लाउजात उतरतंय.
पहाटे लिलाव, मग वाड्या फिरत सात किलोमीटर,
उरलेलं घेऊन परत सात.
या फॉर्मात पोटासाठीचं चालणं धरायचं नसतं.
मी शून्य लिहिते, गोल, नीट.

मनगटी पट्टे वाटले होते चाळीस, सापडले पस्तीस.
आंतोनेत फर्नांडिसचा पट्टा सांगतो
एका दिवसात एकोणचाळीस हजार पावलं.
"नातवाक दिलंय. फुटबॉल खेळता तो."
हा आकडा वगळायचा. तळटीप.

संध्याकाळचा गट पावणेसहाला निघतो,
गाऊनवर ओढणी, पायात संस्थेचे पांढरे बूट,
देवळापासून पुलापर्यंत आणि मागे.
पुलाच्या कठड्याला टेकून
त्या पुडीतली कांदाभजी खातात.
मी लिहायला लागते : आहाराचा संदेश पोचला
नाही. तेवढ्यात दोन भजी माझ्या हातावर,
"ह्या लिवू नको हां."
लिहिलं नाही. भजी गरम होती.

तुलनेसाठी खाडीपलीकडची वाडी निवडलेली,
जिथे काही द्यायचं नाही, नुसतं मोजायचं.
तिथे गेले तर ओट्यांवर कोणी नाही.
एक म्हातारा तंबाखू मळत बसलेला.
"बायलो खय गेली सगळी?"
"चलाक."
पुलाच्या त्या टोकावरून त्यांना दिसत होतं ना
हे सगळं, तीन वर्षं, रोज.
आधी वेड लागलंय म्हणाल्या,
मग बूट केवढ्याला ते विचारलं,
मग चपला घालूनच निघाल्या.

इकडची कंबर अर्ध्या सेंटिमीटरने कमी.
तिकडचीही.
फरक : शून्य.

लॉजवर रात्री तक्ता तीनदा तपासला.
बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर.
खिडकीखाली खाडी भरत होती,
दोन्ही काठांना पाणी सारखंच चढत होतं,
आणि मी एका काठातून दुसरा वजा करून
लिहायला बसले होते
की भरती आली नाही.

पुण्याहून फोन : निष्कर्ष एका ओळीत हवा, सोमवारपर्यंत.

निघायच्या सकाळी सुहासिनी भेटली.
"पैशे संपले ना गो तुमचे?
मगे आता चलूचा नाय काय?"
साठ प्रश्नांत हा नव्हता.
मी उत्तर शोधत होते, ती काट्याकडे बघत होती.
"माझा कित्या करतंस? हेचा वजन कर."
आणि पाटी ठेवली काट्यावर.
काटा लडबडला, थांबला : बावीस किलो,
बर्फ धरून.

अकराव्या प्रश्नाच्या समासात
पेन्सिलीने लिहून घेतलं, बावीस.
शून्य खोडलं नाही.
मग दोघींनी मिळून पाटी
तिच्या डोक्यावर चढवली.
माझ्या मनगटात कळ आली,
ती तोवर वळणापाशी पोचली होती,
सुरमय, सौंदाळे, अशी हाक देत.