सव्वासहा ते पावणेसात

कूलरमध्ये पाणी भरून झालं
आणि कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटं करून
मी त्यावर डिसेंबर लिहायला बसले.

शनिवार, साडेपाच : प्रतापनगरहून निघणे.
भंडाऱ्याला चहा. साकोलीला नणंदेची गोळी,
ती जेवणाआधीची.
नवेगावला खोली खालच्या मजल्यावरची,
यांच्या गुडघ्यासाठी.
तिखटमिठाच्या पुऱ्या. संत्री.
दुर्बीण रामटेके सरांची,
विसरले तर पुन्हा मागणे.

यांना अस्वल पाहिजे.
भाच्याला रेंज.
नणंद म्हणते, पाणी तर अंबाझरीलाही आहे,
ऑटोनं दहा मिनिटं.

तिला कसं सांगू,
अंबाझरीला सगळे मला ओळखतात.

चारी बाजूंनी डोंगर अन् मधे तलाव,
एवढंच ऐकून आहे मी
शाळेतल्या देवांगनाबाईंकडून. त्या तिकडच्याच.
"सकाळी धुक्यात पाणी दिसतच नाही, मॅडम,
नुसता पाखरांचा कल्ला."

यांनी चष्मा लावून कागद वाचला,
पुऱ्यांपुढे 'लोणचं' लिहिलं.
"अन् रविवारचं हे सव्वासहा ते पावणेसात
कोरंच ठेवून राहिली?"

"राहू द्या," मी म्हटलं.
"तिथं काही नाही."