रिकाम्या गाडीचं वजन

मंगळवारी साडेसहाला अलकापुरीत,
चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
चपला बाहेर काढू का, हे मी अजूनही विचारतो.
हेतस्वीबेन म्हणतात, जशी तुमची मर्जी.
इथे सगळंच माझ्या मर्जीवर,
त्याचाच त्रास होतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बीपीची फाइल नेली होती.
त्यांनी ती उघडली नाही.
गोळी नाही, चिठ्ठी नाही,
पन्नास मिनिटं, दोन खुर्च्या,
घड्याळ माझ्या पाठीमागे, त्यांना दिसेल असं.
इथलं बोललेलं इथेच राहील, म्हणाल्या,
फक्त जिवावर बेतणारं असेल तर नाही.
मी म्हटलं, छे, तसलं काही नाही.
मग दोघंही एसीचा आवाज ऐकत बसलो.

मी मकरपुऱ्याला वजनकाट्यावर, बावीस वर्षं.
भरलेला ट्रक चढतो, रिकामा परत चढतो,
वजाबाकी म्हणजे माल.
मला वाटलं, हिशोब त्या करतील.

मी म्हणतो, करमत नाही.
त्या म्हणतात, गमतुं नथी?
हां, तेच.
केव्हापासून, विचारतात,
आणि ते मला दोन्ही भाषांत येत नाही.

पाच मंगळवार मी मगरीची गोष्ट सांगितली.
पुरात विश्वामित्रीतून थेट आमच्या पार्किंगमध्ये,
घोरपड्यांच्या ॲक्टिव्हाला टेकून.
लग्नात, बारशात हमखास हसवते.
त्याही हसल्या, दर वेळी थोडं कमी.
सहाव्यांदा म्हणाल्या,
तुम्ही कुठे उभे होतात?

मी नव्हतोच.
मगर पाहिली ती वृंदानं, जिन्यावरून,
माझ्या आईला पाठुंगळी घेऊन.
मी काट्यावर अडकलो होतो. रस्ता सकाळी सातला मोकळा झाला.
मी दहाला निघालो.
तीन तास केबिनमध्ये, फोन बंद,
कुणी हाक मारत नव्हतं.
बरं वाटत होतं.

वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील.
त्यांनी पाण्याचा ग्लास जरा माझ्याकडे सरकवला.
रडलो नाही. खाली येऊन स्कूटरची किल्ली
दोनदा दुसऱ्याच गाडीला लावली.

धाकटा भाऊ, ज्यानं हा नंबर दिला,
विचारतो, हलकं वाटतं का?
नाही रे. दोन दिवस अंग दुखलं.
पण गुरुवारी वृंदा पोळ्या करत असताना
ओट्याशी जाऊन उभा राहिलो.
काय हवंय, ती म्हणाली.
काही नाही.
त्या रात्री कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं गं?

तिनं गॅस बारीक केला.