वजा बत्तीस

आमच्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये पडतं
आणि ताप फॅरनहाइटमध्ये चढतो.
रेडिओ सांगायचा, ब्रह्मपुरी सत्तेचाळीस.
आई सांगायची, पोराला एकशे तीन.
सातवीपर्यंत मला वाटायचं
माणूस उन्हाच्या दुप्पट तापतो,
म्हणूनच आई मे महिन्याला भीत नाही,
अंगाला भिते.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुनिंब.
कुलरमध्ये पाणी भरणं माझ्याकडे
आणि रजिस्टरातली गणितंही.
थर्मामीटर काचेचं, जुनं, फॅरनहाइटच्या रेघांचं.
त्या वर्षी उष्माघाताचा नवा तक्ता आला,
रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात: अंश से.
मीटिंगहून आईनं सूत्र आणलं,
वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं,
कपाटाच्या दाराला चिकटवलं.
वजा बत्तीस, गुणिले पाच, भागिले नऊ.

"बत्तीसच का?"
"तेवढ्यावर बर्फ होतो," आई म्हणाली.
"आधी बर्फ बाजूला काढून ठेवायचा,
मग उरलेल्याचे वाटे घालायचे."

मी सत्तेचाळीस उलटं करून पाहिलं.
एकशे सोळा पॉइंट सहा.
एवढ्या तापाचा माणूस
आईनं कधी तपासला नव्हता,
आणि रोज दुपारी दोनला
ती तेवढ्यातूनच सायकल मारत घरी यायची,
चपलांना डांबर घेऊन.

तेंदूच्या फळीवरून डोमाजी गेडामला
बाजेवर घालून आणलं,
तेव्हा पानांचा एक पुडा त्याच्या मुठीत तसाच होता.
अंगाला घामाचा थेंब नाही.
कुठल्यातरी बैलाला नावानं हाका मारत होता.
आईनं पारा पाहिला, एकशे पाच पॉइंट आठ.
मला म्हणाली, "बोरकुट्यांच्या मांडवात लादी आलीय. जा."

लादी भुशात होती, पोत्याखाली,
सकाळच्या एसटीनं आलेली.
नवरीचा मामा तिच्यावर बसल्यासारखा उभा.
"अन् शरबताचा का करू मंग?"
मला उत्तर सुचलं नाही.
आतून कोणीतरी मुसळ आणलं.
पोत्यात अर्धी लादी, पोत्यावर हळदीची बोटं,
पळताना पाठीवरून पाणी गळत होतं
आणि मला लाज वाटेल इतकं बरं वाटत होतं.

काखेत बर्फ, जांघेत बर्फ, मानेखाली बर्फ,
वरून ओल्या लुगड्याचा वारा.
दिवेलागणीला त्यानं डोळे उघडले.
"बिडी हाये का जी?"
आईच्या तोंडून शिवी
मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तक्ता तिनं रात्री भरला. मी झोपले होते.
पाचानं गुणलं, नवानं भागलं,
बत्तीस शेवटी आठवले.
सव्वीस पॉइंट आठ.

दोन दिवसांनी तालुक्याहून फोन.
"सिस्टर, हा पेशंट आहे की प्रेत?"
आईनं खिडकीतून पाहिलं.
डोमाजी कडुनिंबाखाली आंबील पीत बसला होता,
तपासायला आलेला, पायीच.
"साहेब, असल्या उन्हात
प्रेतसुद्धा इतकं गार पडत नाही.
माझे बत्तीस चुकले."

चुकले ते कागदावर.
बाजेपाशी तिनं आधी बर्फच पाहिला होता,
हे मला कितीतरी वर्षांनी कळलं,
दुसऱ्याच कुणाचा ताप मोजताना.

लाल शाईनं तिनं आकडा खोडला,
वर एक्केचाळीस लिहून सही केली.
पण कार्बन तोवर काढून झाला होता.
खालच्या प्रतीत डोमाजी अजूनही
सव्वीस पॉइंट आठ आहे.
त्या अख्ख्या महिन्यात आमच्या गावात
तेवढं गार दुसरं काही नव्हतं.
बोरकुट्यांचं शरबत तर
पंगतीला कोमटच वाढलं.