रीडिंग

बावीस वर्षं मी या गावाचं पाणी वाचते.
आकड्यानं लोखंडी झाकण उचलायचं,
कोळ्याचं जाळं सारायचं, काच अंगठ्यानं पुसायची,
आणि आकडा लिहायचा.
लोक मला ओळखत नाहीत. त्यांची कुत्री ओळखतात.

मोटरहोमचा कारखाना बंद पडला
ते मला पेपरात नाही, हार्मन स्ट्रीटवर कळलं.
सकाळचे दहा, आणि सगळ्या गाड्या दारातच.
आधी पाणी वाढलं –
माणसं घरी होती, धुतलेल्या गाड्या पुन्हा धूत होती.
मग एकेक घर आटत गेलं.
काही शून्यावर आली.
बर्निस युट्झीचं मात्र दुप्पट :
लेक, जावई, तीन पोरं फिनिक्सहून परत,
तळघरात गाद्या, बाथरूमच्या दारावर वेळापत्रक.
हे तिनंच सांगितलं, झाकणाशी उभं राहून,
कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून.

आम्हालाही ऑफिसनं शुक्रवार दिले. बिनपगारी.
'दिले' म्हणाले, जसं काही बक्षीस.
पहिल्या शुक्रवारी मी खिडक्या पुसल्या.
दुसऱ्या शुक्रवारी त्याच.

सातशे चौदा नंबर. व्हर्लिन स्टट्झमन.
कारखान्यात खिडक्या बसवायचा, एकोणीस वर्षं.
बँकेनं दारावर कागद चिकटवला, कुलूप बदललं,
पाणी तोडायचं तेवढं विसरली.
गवत गुडघाभर. वहीत शून्य.

फेब्रुवारीत आकडा हलला होता.
दोन युनिट.
गळती असती तर मी बघत असताना काटा सरकला असता;
गळतीला लाजलज्जा नसते.
हा काटा गप्प होता.
हे पाणी कुणीतरी जपून वापरलेलं होतं,
किटलीभर, बादलीभर,
दिवे न लावता.
मागच्या दाराशी बर्फात पावलं :
एक जोडी मोठी, एक शाळेत जायच्या मापाची.

नियम मला पाठ आहे.
कळवायचं, आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. पाना हातातच होता.

मी शून्य लिहिलं.
मार्चमध्ये शून्य लिहिलं.
एप्रिलमध्ये लिहिताना जीव धडधडला नाही,
यालाच सवय म्हणत असतील.

पुढच्या सप्टेंबरात रेडिओवर एकजण म्हणाला,
मंदी संपली आहे, आणि तीही गेल्या वर्षीच्या जूनमध्ये.
पंधरा महिने आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.
मी गाडी कडेला घेतली, वही चाळली.
जून, हार्मन स्ट्रीट :
शून्य, शून्य, चार, शून्य, आणि एक माझं खोटं शून्य.

कारखाना उघडला, अर्धा.
व्हर्लिनला परत घेतलं, एजन्सीमार्फत.
त्याच खिडक्या, तोच स्क्रूड्रायव्हर,
तासाला एकोणीसचे अकरा डॉलर,
आणि टोपीवर भलत्याच कंपनीचं नाव.
सातशे चौदा नंबर शिकागोच्या कुणीतरी घेतलं,
अशाच तीस घरांबरोबर, न बघता,
आणि भाड्यानं काढलं.

मंगळवारी नव्या खात्याचा कागद आला.
नाव : स्टट्झमन, व्हर्लिन. पत्ता तोच.
'मालक'पुढचा चौकोन रिकामा,
'भाडेकरू'पुढे बरोबरची खूण,
पेन जरा जास्तच दाबून केलेली.

मीटर काही विसरत नाही. दीड वर्षाची
न लिहिलेली युनिटं त्याच्या पोटात होतीच.
खातं बदलताना जुना आकडा
जुन्या खात्यावर मिटवतात, हाही नियमच.
ती शिकागोच्या बिलात गेली.
त्यांनी भरलं. न बघता.

आज झाकण उचललं. महिन्याचे आठ.
आठ म्हणजे कपडे धुतले,
मूल टबात बसलं,
कुणीतरी नळ तसाच सोडून फोन घ्यायला धावलं.
आत एक नवीन कुत्रं माझ्यावर जीव खाऊन भुंकत होतं.
अजून ओळख नाही.