थांबू नको

अंकलीच्या पुलावर गाडी आली तेव्हा
रेवतीनं रुपया काढून कावेरीच्या मुठीत दिला.
नदीत टाक, म्हणाली, आणि हात जोड.
कावेरीनं हात जोडले
आणि रुपया तोंडात घातला.
मग अख्खा पूल संपेपर्यंत
कृष्णेकडं कुणी पाहिलंच नाही.
रेवतीचं बोट तिच्या गालात,
माझे डोळे आरशात.

काल दुपारी इरोड सोडलं.
कृष्णगिरीपर्यंत ससा हरत होता.
तुमकूरनंतर मी त्याला जिंकू दिलं,
हुबळीच्या पुढं ससा आणि कासव दोघांनाही झोपवलं.
ही तेवढी जागी.
चित्रदुर्गाला ओकली, माझ्या नव्या शर्टावर.
हावेरीजवळ एक चप्पल खिडकीतून गेली,
दुसरी आम्ही उगाच जपून ठेवलीय.

जयसिंगपुरात चहाला थांबलो
तर ही हॉटेलच्या दारात बसून ओरडायला लागली,
पाल! पाल!
मालकानं आधी भिंत बघितली, मग छत,
पोऱ्याला म्हणाला, झाडू आण रं.
दूध मागतीय हो, मी म्हणालो,
तिकडं दुधाला पाल म्हणतात.
मग पालीला?
पल्ली.
तो कपात दूध ओतत म्हणाला,
म्हंजे लांब न्हाई की फारसं.
साडेआठशे किलोमीटर, मी म्हणालो.

तासगाव मागं पडलं, अंधार झाला.
बेदाण्याच्या शेडवर कुठं कुठं एकेक बल्ब.

मी चौदाचा असताना ह्याच रस्त्यानं उलटा गेलो होतो,
मामाच्या ओळखीनं, गलाईच्या दुकानात.
विट्याच्या स्टँडवर आई एसटीच्या गजाला धरून
सांगत होती, भट्टीजवळ झोपू नगंस,
डोक्याला तेल लाव,
आणि मी झोपेचं सोंग घेतलं.
गाडी हलली. ती चालत आली, मग पळत आली असावी,
चपलांचा आवाज येत होता.
तासगावपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.
त्यामुळं हा रस्ता
जातानाचा
मला माहीतच नाही.

विट्यात, पेट्रोल पंपासमोर, कावेरी झोपली.
मान एकीकडं, मुठीत बिस्किटाचा चुरा.
दोन दिवसांत पहिल्यांदा गाडीत
इंजिनाचा आवाज ऐकू आला.

गावाची कमान दिसली.
अंगणात हॅलोजन लावलेला,
वहिनी भाकरतुकडा घेऊन उभी,
भाऊ रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात हलवत,
मागं शेजारपाजार.
मी गिअर कमी केला.
थांबू नको, रेवती मागून कुजबुजली.
घर आलं, मी म्हणालो.
कळतंय. थांबू नको.

मी लाईट दोनदा मिचकावला
आणि भावाला वळसा घालून
पुढं निघून गेलो.
फोन वाजला. तिनं कापला. परत वाजला.
रेणावीचा घाट चढलो, दुसऱ्या गिअरवर,
भरलेलं भांडं नेल्यासारखी गाडी नेत.

चांदणं होतं.
डाळिंबाच्या बागा होत्या, जिथं मला फक्त कुसळं आठवतात.
इथंच कुठंतरी टँकरची वाट बघत
घागरी उन्हात रांग धरून बसायच्या
आणि माणसं बाभळीच्या सावलीत.
दोन्ही डोळे उघडे ठेवून
मी सगळं बघत होतो,
तिच्यासाठी चाललोय असं म्हणत.

खानापूरच्या अलीकडं कालव्याच्या पुलावर
चाक आदळलं.
मागं हालचाल झाली. खिडकीला नाक लागलं.
खाली टेंभूचं पाणी, काठोकाठ, सावकाश.
तण्णी, ती म्हणाली.
पाणी, मी म्हणालो.
तण्णी.
बरं, म्हटलं, आणि गाडी वळवली.

घर विसरलास व्हय रं, भाऊ म्हणाला.
वहिनीनं तुकडा ओवाळून टाकला,
डोळ्याला पाणी लावलं, चौघांनीही एकदम
घ्यायला हात पुढं केले.
कावेरी कुणाकडंच गेली नाही.
एका पायात चप्पल घालून खाली उतरली,
सगळ्यांत उंच दिसला तो माझा भाऊ, त्याची विजार ओढली
आणि म्हणाली, पाल.

भावानं भिंतीकडं बघितलं.