आतली कडी

फीत कापून झाल्यावर कात्री मोजून परत घेतली.
एकच होती, तरी मोजली.
वहीत लिहिलं: कात्री, एक, जमा, अकरा वाजून दहा मिनिटं.
प्रोव्होस्टबाई हसल्या, गळ्यातली सोनेरी साखळी हलली.
त्यांना विनोद वाटला.

मी इनिस रॅट्रे, कुलूपवाला, राहणार आर्ब्रोथ.
बत्तीस दारं बसवली मी या घरात.
घर म्हणायचं, अशी ताकीद आहे.
कागदावर 'सुरक्षित निवासी संगोपन केंद्र',
गावात नुसतंच 'ते'.
ते झालं का सुरू?

पाहुण्यांना चौथी खोली दाखवली, समुद्राकडची.
पलंग जमिनीला बोल्टनं जखडलेला.
आरसा पोलादाचा,
त्यात माणूस पाण्याखाली असल्यासारखा दिसतो.
पडदे चुंबकावर, भार पडला की गळून येतात.
का, ते कुणी विचारलं नाही.
खिडकी उघडते चार बोटं.
चार बोटांतून समुद्र मात्र अख्खा ऐकू येतो.

शेजारचे गार्व्हक,
वर्षभर ज्यांच्या काचेवर 'इथे नको'ची पाटी होती,
केकचे दोन तुकडे खाऊन गेले.
कुंपण किती उंच, विचारलं. सांगितलं.
तिसरा तुकडा रुमालात बांधून घेतला, बायकोसाठी.

सगळे पांगले. मी थांबलो,
कारण चौथीचं दार खाली घासत होतं.
दर्यावरचं धुकं आत शिरलं की नवं ओक फुगतं,
आपण अजून झाडच आहोत
असं समजून वागतं.
रंधा मारत होतो, तेव्हा मागच्या फाटकातून
पांढरी गाडी आली.

टॅव्हिश. चौदा वर्षं.
काळ्या कचऱ्याच्या पिशवीत कपडे,
एका बुटाची नाडी काढून घेतलेली,
दुसऱ्याची राहून गेलेली.

त्यानं काय केलं ते मला माहीत आहे.
पेपरात आलं होतं, नावाशिवाय.
ज्याला केलं तो पोरगा अजून काठी घेऊन चालतो.
त्याच्या आईचं कुलूप मीच बदललं, मागच्या मार्चमध्ये.
तिनं दोन कड्या मागितल्या होत्या.
मी तीन लावल्या, पैसे दोनचे घेतले.
म्हणून या पोराकडे बघायचं नाही असं ठरवून
मी रंध्याच्या भुशाकडे बघत होतो.

सकाळपासून प्रत्येकानं विचारलं होतं,
हे दार बाहेरून कसं बंद होतं.
त्यानं विचारलं,
"आतून लागतं का?"

एल्स्पेथनं पितळी कडी दाखवली, अंगठ्याएवढी.
"लागते. आम्हाला बाहेरून उघडता येते," ती म्हणाली,
"पण आधी ठोठावू."
खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं त्याला, क्षणभर.

ती कडी नकाशात नव्हती.
गावसभेत मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली, मिसेस डॅल्गार्नो.
"अशा घरात मी सहा वर्षं काढली," म्हणाली.
"कडी फक्त बाहेर होती.
रात्री कोणीही यायचं."
आणि बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून.
इतिवृत्तात एवढंच आहे: सूचना मान्य.
दारामागे अडतीस पौंड जास्त.

मी हत्यारं आवरली. तीही मोजून द्यावी लागतात:
रंधा एक, छिन्न्या दोन, पेचकस सहा.
सही करत होतो, तेव्हा बोळात आवाज आला,
टक.
मग पुन्हा, टक.
लावतोय, काढतोय, लावतोय.
सवयीनं मोजत राहिलो. अकरापर्यंत.
बारावा आलाच नाही.

पेन एल्स्पेथला परत दिलं.
तिनं ते मोजलं.