कोकराचे ठसे

ओशमध्ये मार्च म्हणजे चिखल.
तिसरी 'ब'च्या दाराशी अठ्ठावीस जोड बूट
आणि जरा बाजूला एक जोड सफरचा,
नाडीच्या जागी सुतळी.
तो ल्युली वस्तीतून येतो.
एवढं सांगितलं की आमच्या शहरात
बाकीचं सांगावं लागत नाही.

आज गोष्टीचा तास.
वर डोंगरात एक मेंढवाडा, मी सुरुवात केली,
रोज रात्री एक कोकरू कमी,
आणि सकाळी बर्फात लांडग्याचे ठसे.
"सांगा बरं, चोर कोण?"

सगळ्यांत आधी हात वर गेला सफरचा.
"लांडगा, एजेके!"
जवळजवळ ओरडलाच तो.
बेकतूर म्हणाला, लांडगाच. आयपेरी म्हणाली, दुसरं कोण असणार?
मी खडू खाली ठेवला.

काल आयपेरीची निळी कंपासपेटी हरवली.
एकोणतीस दप्तरं होती वर्गात.
मी एकच उघडायला लावलं.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्धा नान,
एकच हातमोजा,
खोडून खोडून पातळ झालेली वही.
पेटी मधल्या सुट्टीनंतर हीटरमागे सापडली.
"मिळाली बरं का," मी म्हणाले, आयपेरीकडे बघून.
सफरकडे बघून काहीच नाही.
बावीस वर्षं शिकवतेय,
आणि जीभ टाळ्याला चिकटून बसली.

गोष्ट पुढे ओढली.
माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली.
लांडगीण म्हातारी, एक कान फाटका,
तिला लपणंही धड जमेना.
मी फळ्यावर ठसे काढले:
मोठे, आणि त्यांच्या शेजारून बारीक.
"काय दिसतं?"

बराच वेळ कुणी बोलेना. पाइपात पाणी गुरगुरत राहिलं.
मग मागच्या बाकावरून झामिरा,
जी एरवी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते:
"कोकराचे ठसे थांबत नाहीत, एजेके.
दोघं बरोबर चाललेत."

हो.
दरीत, वारा लागत नाही तिथे,
लांडगिणीच्या पोटाशी सगळी कोकरं. जिवंत.
आणि मेंढवाड्याचं कुंपण आतून कुजलेलं,
भोक एवढं मोठं की आंधळ्यालाही सापडावं.
पण रोज सकाळी सगळे
बाहेरच बघत उभे राहायचे.

बेकतूर रागावला. "लांडगे असे नसतात!"
"बहुतेक नसतात," मी म्हटलं. "ही होती.
तिला कुणी विचारलं का?"
प्रश्न वर्गाला होता.
फिरून माझ्याच टेबलापाशी आला.

मग चित्रं काढायला दिली.
कोकरं ढगांसारखी, डोंगर निळे,
लांडगिणीचे दात प्रत्येकाने मनापासून काढले.
सफरच्या लांडगिणीला दात नव्हते.
तिच्या पाठीवर दप्तर होतं,
उघडं.

मी खूप वेळ त्या कागदापाशी उभी राहिले.
शब्द जुळेनात, म्हणून
माझी पर्स टेबलावर उपडी केली:
किल्ल्या, रक्तदाबाच्या गोळ्या, न भरलेलं विजेचं बिल,
अर्धं चॉकलेट, जे वर्गात आणायला मीच मनाई केलीय.
मुलं खिदळली. खिदळू दिलं.
"काल आधी हे उघडायला हवं होतं," मी म्हटलं.
"सफर, माझं चुकलं."
आवाज हवा होता तेवढा मोठा निघाला नाही.

लिपस्टिक घरंगळत त्याच्या बाकाखाली गेली होती.
तो वाकला, उचलली,
वहीच्या कागदाने तिच्यावरची धूळ पुसली,
आणि माझ्याकडे यायच्या आधी
हात उंच धरून, तळवा पूर्ण उघडून
सगळ्या वर्गाला दाखवली.